भिंतीपासून चार बोटं

२०१८ च्या दिवाळीआधी चकलीचा सोऱ्या काढायला मी स्टुलावर चढले, उजवा हात माळ्याकडे नेला आणि तो खांद्यापाशीच अडकला. वर जाईना की मागे जाईना. चमक भरली असेल म्हणून मी तेल लावून शेकत राहिले. डिसेंबर उजाडेपर्यंत वेणी घालायला मुलीला हाक मारावी लागत होती आणि रात्री त्या कुशीवर वळलं की झोप उडत होती. बँकेत जाताना बसमधला वरचा दांडा धरणं मी सोडूनच दिलं होतं. डॉक्टरांनी हात इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि फ्रोझन शोल्डर असं निदान केलं. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आखडतं. आधी दुखणं वाढत जातं, मग हात थिजतो, मग हळूहळू सुटतो, आणि या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. चाळिशी ते साठीच्या बायकांत हे बरंच दिसतं, असंही ते म्हणाले. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते.

हे आधी सांगते, कारण पुढे पाच वर्षांनी मी त्याच हातावर उभी राहिले, आणि ते कसं झालं हे काही न गाळता लिहावं असं फार दिवस मनात होतं. हातांवर उभं राहणाऱ्यांचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते पाहताना वाटतं, माणूस एके दिवशी उडी मारतो आणि वर जातो. माझ्या पहिल्या उडीआधी साडेतीन वर्षं आहेत आणि तिच्यानंतर आणखी दीड वर्ष.

जानेवारी २०१९ मध्ये फिजिओथेरपी चालू असतानाच मी आमच्या बाईंच्या योगवर्गात गेले. पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, शहाबादी फरशी, एका भिंतीत ओळीनं कड्या आणि त्यांना बांधलेले दोर. बाई अय्यंगार पद्धतीनं शिकवतात. पुण्यात राहून हे नाव कानावरून गेलं नाही असं होत नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा पुण्याला आले, डेक्कन जिमखान्यावर शिकवू लागले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत याच गावचे राहिले. लहानपणी ते फार अशक्त होते. क्षय, विषमज्वर यांतून गेले होते. आजारी, आखडलेल्या, वय झालेल्या शरीराला आसनापर्यंत कसं न्यायचं याचा विचार त्यांनी जन्मभर केला तो त्यामुळेच, असं मला वाटतं. दोर, पट्टे, लाकडी विटा, लोड, खुर्च्या ही सगळी साधनं त्यांनी वापरात आणली ती याच विचारातून. माझा हात परत वर नेला तो याच साधनांनी, म्हणून मला त्यांच्याविषयी कृतज्ञता आहे.

पहिले सहा महिने मी बहुतेक वेळ ताडासनात उभी होते. हात वर नेणं एवढंच काम. त्यात माझी अंगचोरी बाईंनी पहिल्याच आठवड्यात पकडली. हात कपाळाच्या वर गेला की मी कंबर मागे वाकवायची, बरगड्या पुढे काढायची आणि हात वर गेला असं समजायची. बाईंनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, बरगड्यांवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "या इथेच राहू देत. आता न्या हात." हात हनुवटीशी थांबला. खरी उंची ती होती. त्या दिवशी मला रडू आलं, पण आपण कुठे उभे आहोत ते निदान कळलं. मग रोज सकाळी दोन तळव्यांमध्ये वीट दाबून धरून हात वर न्यायचे, पट्टा धरून गोमुखासनात मागे न्यायचे, दोराला धरून पुढे लोंबायचं. पावसाळा संपता संपता हात कानाच्या रेषेपर्यंत आला.

त्याच सुमारास एका शनिवारी मी अधोमुख वृक्षासन, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, पहिल्यांदा जवळून पाहिलं. आमच्या वर्गात साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका येतात. त्यांनी कुडता खोचला, भिंतीजवळ हात टेकले आणि एक पाय, मागोमाग दुसरा, असे आवाज न करता भिंतीला लावले. मी बाजूला पट्टा हातात धरून उभी होते. मीही हे करायचं असं तेव्हाच ठरवलं, असं म्हणणं खोटं होईल. पण घरी येताना बसमध्ये डाव्या हातानं दांडा धरला होता, तो सोडून मी उजव्या हातानं धरला. दुखलं, तरी डेक्कनपर्यंत सोडला नाही.

मार्च २०२० मध्ये हॉल बंद झाला. पुढे दीड वर्षाहून जास्त काळ बाईंनी पडद्यावरून शिकवलं, पण हातांवरची आसनं त्यांनी आम्हाला तशी शिकवली नाहीत. "जिथे माझा हात पोचत नाही तिथे मी तुम्हाला उलटं करणार नाही," असं त्या म्हणाल्या, आणि कुणी कितीही आग्रह केला तरी बधल्या नाहीत. आज मला तो निर्णय पूर्ण पटतो.

जून २०२२. परत हॉलमध्ये येऊन सहा महिने झाले होते. बाईंनी आम्हा चौघींना बाजूला घेतलं आणि आधी चौकशी केली. रक्तदाब? डोळ्यांत काचबिंदू किंवा पडद्याचा काही त्रास? मान? मनगटं? उलटं झाल्यावर डोळ्यांतला दाब वाढतो, त्यामुळे डोळ्यांचं दुखणं असेल तर हे आसन नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. एकीच्या आईला काचबिंदू होता. तिला त्यांनी आधी डोळे तपासून यायला लावलं. पाळीच्या दिवसांत उलटी आसनं नाहीत, हा आमच्या वर्गाचा नियम आहेच.

सुरुवात उडीनं होत नाही. आधी भिंतीला टाचा लावून पाय पसरून बसायचं, म्हणजे दंडासन. कुल्ले जिथे येतात तिथे खडूनं खूण करायची. मग उलट वळून त्या खुणेवर तळहात ठेवायचे आणि पाय भिंतीवर चढवत कमरेच्या उंचीवर आणायचे. शरीराचा काटकोन होतो: हात आणि धड उभं, पाय आडवे. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी पाच आकडे मोजेपर्यंत टिकले. धडाचं सगळं वजन खांद्यांवर आलं आणि जो सांधा साडेतीन वर्षांपूर्वी कंगव्याचं वजन पेलत नव्हता तो थरथरायला लागला. बाई शेजारी गुडघ्यावर बसल्या. "जमिनीला ढकला. खांदे कानांपासून दूर नकोत, कानांकडे उचला. जमीन लांब करा." ताडासनात खांदे खाली सोडा असं ज्या बाईंनी हजारदा सांगितलं, त्याच आता उलट सांगत होत्या, याचा मला काही दिवस गोंधळ झाला. मग लक्षात आलं की उलटं झाल्यावर वर आणि खाली यांची अदलाबदल होते. उभं असताना हात वर ताणले की खांद्याची पाती जशी वर सरकतात तशीच इथे सरकायला हवीत. नाहीतर धड खांद्यांत खचतं.

हे दोन महिने चाललं. खरं सांगायचं तर याच दोन महिन्यांत माझा खांदा पुरता बरा झाला. औषधांनी दुखणं गेलं होतं, ताडासनानं हात वर गेला होता, पण त्या हातावर विसंबावं असं मला वाटायला लागलं ते या काटकोनामुळे.

ऑगस्टमध्ये उडी आली. हात भिंतीपासून चार बोटं. बोटं पसरलेली, मधलं बोट भिंतीकडे. कोपरांच्या वर खांद्याच्या रुंदीएवढा पट्टा बांधलेला, म्हणजे कोपर वाकून डोकं आपटायची भीती नाही. अधोमुख श्वानासनातून, म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि कुल्ले वर अशा स्थितीतून, पावलं जवळ आणायची, एक पाय सरळ वर न्यायचा आणि खालच्या पायानं जमीन ढकलायची. वरचा पाय फक्त वाट दाखवतो, ढकलायचं काम खालच्याचं. माझा खालचा पाय ढकलत नव्हता. तो टाच उचलायचा आणि परत जमिनीवर यायचा. मला वाटायचं मी जीव तोडून उडी मारतेय, बाजूची म्हणायची, "वीतभर उचलला गं पाय." तीन महिने असे गेले. हात दुखायचे कमी, दमायला व्हायचं जास्त, कारण प्रत्येक उडीआधी मी श्वास रोखून धरत होते.

भीती नक्की कशाची होती, याचा मी खूप विचार केला आहे. पडण्याची म्हणावी तर समोर भिंत होती, शेजारी बाई होत्या. माझ्या मते ती दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर नसण्याची होती. शीर्षासनात पाय सावकाश, एकत्र उचलता येतात, कुठेही थांबून परत येता येतं. इथे एक क्षण असा असतो की मागे फिरता येत नाही. चाळीस-बेचाळीस वर्षं मी तसा क्षण शरीराला दिलाच नव्हता. शाळेत मुलं कोलांट्या मारायची तेव्हा आम्ही मुली फ्रॉक सावरत कडेला उभ्या असायचो.

त्यातून सुटका झाली ती पाळीच्या दिवसांत. त्या आठवड्यात मी लोडावर सुप्त बद्धकोणासनात पडून बाकीच्यांचं पाहत होते. जमिनीच्या पातळीवरून, बाजूनं. तेव्हा दिसलं की ज्या हलक्या वर जातात त्यांचे खांदे उडी मारण्याआधीच मनगटांच्या वर आलेले असतात. आमच्यापैकी ज्या अडत होत्या, त्यांचे खांदे उडीच्या क्षणी मागे पायांकडे पळायचे. म्हणजे आम्ही पुढे उडी मारत होतो आणि मागे ओढत होतो. पुढच्या सोमवारी मी फक्त एवढंच केलं. खांदे मनगटांवर आणले, तिथेच ठेवले, आणि उजवा पाय वर नेऊन डाव्यानं ढकललं. टाच भिंतीला लागल्याचा आवाज आला. माझी टाच होती. बाईंनी लगेच मांडीला आधार दिला आणि म्हणाल्या, "श्वास घ्या." मी तो घेतला. समोर भिंतीचा चुना, उलटी खिडकी, खिडकीतून उलटा दिसणारा गुलमोहर. खाली आल्यावर बाईंनी लगेच उभं राहू दिलं नाही. उत्तानासनात, म्हणजे उभ्यानं कमरेतून पुढे वाकून, डोकं खाली ठेवून निवांत होऊ दिलं. मुलीला फोन केला तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं.

इथपर्यंत सगळं धीरानं केलं, आणि मग घाई केली. भिंतीला उभं राहता येऊ लागलं, तीस आकडे टिकू लागलं, आणि मला रोज घरी करायचं होतं. फेब्रुवारी २०२३ मधल्या एका सकाळी मी घरच्या हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी पसरून हात टेकले. योगाची चटई मुलीच्या खोलीत होती आणि ती झोपली होती. उडी मारली, सतरंजी सरकली, उजवं मनगट वळलं. हाड मोडलं नाही, एक्स-रे स्वच्छ आला, पण सूज मोठी होती आणि डॉक्टरांनी सहा आठवडे त्या हातावर वजन घ्यायला मना केलं. त्या हातानं पुन्हा वेणी घालता येईना. तो परत जुना हात झाला असं वाटून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. सासूबाई काही टोचून बोलल्या नाहीत. त्यांनी आंबेहळदीचा लेप लावला आणि एवढंच म्हणाल्या, "चटई घ्यायची होतीस ना गं."

त्या सहा आठवड्यांत बाईंनी मला जे दिलं ते मी इतर कुणाला सांगितलं की लोक चकित होतात. पाठीवर झोपून हातांवर उभं राहणं. जमिनीवर उताणं पडायचं, डोकं भिंतीच्या बाजूला, हात डोक्यावरून नेऊन तळवे भिंतीला टेकवायचे, जणू भिंत म्हणजे जमीन. मनगटावर वजन नको म्हणून मी नुसती स्पर्शापुरती बोटं टेकवायची. पाय एकमेकांना चिकटवून टाचांकडे ताणायचे. आणि कमरेखालची पोकळी जमिनीला लावायची. तिथे पुन्हा तीच अंगचोरी निघाली: हात भिंतीला लागले की माझ्या बरगड्या वर उसळायच्या आणि कमरेखालून मांजर जाईल एवढी जागा व्हायची. चार वर्षं झाली, खांदा सुटला, पण सवय तीच. भिंतीला उलटी उभी असताना ही कमान मला कधी जाणवली नव्हती, कारण टाचा भिंतीला टेकलेल्या असल्या की ती खपून जाते. भिंत नसती तर त्याच कमानीनं मला पाठीकडे पाडलं असतं. रोज वीस मिनिटं मी पोट आत घेऊन, बरगड्या खाली सोडून तो आकार शरीराला दाखवत राहिले. दुखापतीमुळे हे शिकायला मिळालं असं मी म्हणणार नाही. दुखापत टाळता आली असती. पण भिंत सोडायची असेल त्या प्रत्येकानं हे महिनाभर करावं असं मी आग्रहानं सांगते.

मे महिन्यात परत भिंतीशी आले, तेव्हा बाईंनी हात वीतभर लांब ठेवायला लावले. आता टाचा भिंतीला लागायला कमान करावी लागायची, आणि कमान केली की बाई मांडीवर टिचकी मारायच्या. एक टाच भिंतीवरून सोडायची, मग दुसरी. सोडली की लगेच परत लागायची. भिंत तिथे आहे हे शरीराला ठाऊक होतं. कितीही ठरवलं तरी ते तिच्यावर जाऊन टेकायचं.

यातून बाहेर काढलं आमच्या वर्गातल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलीनं. ती शाळेत दोरीचा मल्लखांब करायची. एक दिवस म्हणाली, "काकू, तुम्हाला पडता येत नाही, म्हणून तुम्ही भिंत सोडत नाही." बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग शिकव की तू." पुढच्या रविवारी हॉलच्या मधोमध कापसाच्या दोन गाद्या पसरल्या गेल्या. पाय डोक्यापलीकडे जायला लागले की एक हात पुढे टाकायचा, कंबर त्या बाजूला वळवायची आणि पाय एकेक करून बाजूला जमिनीवर आणायचे. कोपर वाकवायचं नाही, डोकं आत घ्यायचं नाही. ती मांड्यांना धरून मला मुद्दाम पलीकडे ढकलायची आणि ओरडायची, "वळा!" पहिले दहा वेळा मी गादीवर आडवी झाले. मग हात जागा सोडायला शिकला. त्या सकाळी मी तीस-चाळीस वेळा तरी पडले असेन, आणि घरी येताना अंगात एक वेगळाच हलकेपणा होता. उडी मारताना श्वास रोखायची सवय त्या दिवसापासून गेली. खाली कसं यायचं हे माहीत नसताना वर जायला कुणाचंही शरीर कचरणारच. हे आधीच का शिकवत नाहीत, असं मला अजून वाटतं. बाईंनाही ते पटलं आहे, आणि आता नव्यांना त्या गाद्या आधी पसरतात.

दिवाळीत माहेरी, कोल्हापूरला गेले. माझे वडील, अण्णा, तेव्हा शहात्तर वर्षांचे. तरुणपणी पेठेतल्या तालमीत ते रोज जोर-बैठका काढायचे, आणि हातांवर चालत कुस्तीच्या मातीच्या हौद्याला फेरी मारायची पैज लावायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकलं होतं. परड्यातल्या भिंतीशी मी उलटी उभी राहिले. अण्णा खुर्ची ओढून बसले. हे आसन योगातलं नाहीच, तालमीतलं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत हातांवर तोललेली आसनं म्हणून मयूरासन आणि कुक्कुटासन सापडतात. असं हातांवर सरळ उभं राहणं आपल्या तालमींत आणि मल्लखांबाच्या आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, त्यामुळे अण्णांचं म्हणणं मला खोडून काढावंसं वाटलं नाही.

मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "हात नुसतं ठेवलैस तू. ठेवून काय हुतंय? धराय पाहिजे."

"काय धरू अण्णा? फरशी आहे."

"तीच धरायची. मातीत बोटं आपोआप रुततात. फरशीवर तुला ती रुतवाय लागतील." ते उठले, परड्यातल्या माळव्याच्या वाफ्याशी मला घेऊन गेले आणि ओल्या मातीवर हात टेकायला लावले. "आता पुढं झुक." मी झुकले. बोटांची टोकं मातीत गेली आणि मी थांबले. "आता मागं ये." तळव्याचा मनगटाकडचा भाग रुतला. मातीवर ठसा उमटला होता: पाच खोल खळगे आणि मागे एक. "बास," अण्णा म्हणाले. "पायाचं अंगठं जे करत्यात तेच."

बाई दीड वर्ष मला तर्जनीचा बुंधा दाबा, बोटांची टोकं जिवंत ठेवा असं सांगत होत्या. मी ऐकत होते, करतही होते. पण तोल तिथे राखला जातो हे मला त्या ठशाशिवाय समजलं नाही. पुण्याला परत येताना एसटीत मी चप्पल काढून उभी राहिले आणि पावलांकडे लक्ष दिलं. वळण आलं की बोटं दाबली जात होती, ब्रेक लागला की टाच. सगळा वेळ, मला न विचारता. तेवढंच काम हातांना शिकवायचं होतं. घरी आल्यावर मी परातीत ओली माती घेऊन रोज पाच मिनिटं तळहात टेकून पुढे-मागे झुकायला लागले. मुलगी एकदा शेजारी बसली आणि तिनंही हात टेकले.

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी बाईंनी मला हॉलच्या मध्यावर बोलावलं. भिंत दहा-बारा फुटांवर. मागे गाद्या. मी हात टेकले, बोटं धरली, बरगड्या खाली सोडल्या, खांदे मनगटांवर आणले. उजवा पाय वर, डाव्यानं ढकललं. पाय पलीकडे जायला लागले. बोटं दाबली. पाय परत आले. पुन्हा थोडे पलीकडे, पुन्हा बोटं. त्या मुलीनं आकडे मोजायला सुरुवात केली, ते मला लांबून कुठून तरी ऐकू येत होतं. सातवर मी एक पाय खाली आणला, मग दुसरा, गादीकडे न जाता.

उत्तानासनात डोकं खाली घालून मी बराच वेळ राहिले. उजवा खांदा गरम होता, दुखत नव्हता. वर आले तेव्हा बाईंनी माझे दोन्ही तळवे हातात घेऊन उलटे करून पाहिले. बोटांची टोकं पांढरी पडली होती. त्यांनी ती चोळली आणि म्हणाल्या, "छान. आता डाव्या पायानं."

डाव्या पायानं अजून दोन आकडे होतात, कधी तीन. त्या बाजूच्या गाद्या आम्ही अजून उचललेल्या नाहीत.